माहेरचा गुलाब अन् माहे हात

बायको, सुलोचना, बहिणीकडे गिरडले गेली. जाता जाता एवढंच म्हणाली, "गुलाबाले पाणी द्या. बाकी काही करू नोका."

तो गुलाब सिंदी गावचा, तिच्या आईच्या अंगणातला. आई गेली, घर विकलं. माहेर म्हणून तेवढंच झुडूप उरलं, तिनं आणून आमच्या अंगणात लावलेलं. घरात माह्यापेक्षा त्याचीच सेवा जास्त. (तक्रार नाई. तो निदान उलटून बोलत नाई.)

पाणी द्या म्हटलं, तर मी आंघोळच घालू लागलो. रोज दिवेलागणीले डोक्यावरून बालटीभर. पाऊस नुकताच सरलेला, हवा ओलीच. काही दिवसांत खालच्या पानांवर काळे गोल ठिपके, भोवती पिवळं. म्हटलं, एक पान तोडावं. एकच. (तिथंच घात झाला.)

एक तोडलं तर मांगं दुसरं दिसलं. जन्मभर कपाशी केलेला माणूस मी. पालापाचोळा फेकवत नाई. तोडलेली पानं बुडाशीच पुरली, खत होईल म्हणून. वरून आणखी एक बालटी. ठिपके वर चढले.

शेजारचा तानबा भिंतीवरून पाहून राह्यला होता.

"मधुकरराव, झाडाले काऊन सोलून राह्यले?"

"रोग आहे ना बापा."

"अन् रोगट पानं त्याच्याच बुडाशी? चोराले घरातच झोपवून राह्यले तुम्ही! बुरशी आहे ते. पानं लांब नेऊन जाळा. पाणी बुडाशी द्या, तेही सकाळी."

"डोक्यावरून नाई?"

"तुम्ही ओली बनियन घालून झोपता का?"

पुरलेली पानं उकरली, जाळली. झाडावरची ठिपकेवाली तोडली. मग पाहतो तर झाडच नाई, नुसत्या काड्या! शेंडे वाळल्यावाणी वाटले, तेही कापले. आठवड्यानं सुलोचनाचा फोन.

"उद्याच्या बसनं येतो मी. गुलाब कसा आहे?"

"हलका झाला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती अंगणात येऊन उभी राह्यली. मी जमिनीकडे पाहू लागलो. तिचं माहेर माह्या हातून गेलं, असंच वाटलं. ती वाकली, काड्यांवरून बोट फिरवलं.

"अवो, छाटणी केली?" आवाज एकदम मऊ. "दसऱ्याच्या वक्ताले आईही असंच बोडकं करे. हे पाहा, डोळे फुटून राह्यले!"

मुंगीएवढे लाल कोंब! माहा जीव भांड्यात पडला.

"कोणं शिकवलं तुम्हाले?"

"अनुभव," मी म्हणालो. भिंतीपलीकडे तानबाले खोकला आला.

खुशीत तिनं पिशवीतून बहिणीनं दिलेली कुंडी काढली. क्रोटन, शोभेचं झाड. हिरव्या पानांवर पिवळे ठिपकेच ठिपके! अन् माहा हात आपोआप पुढं गेला.

"हात मांगं! याचे ठिपके जन्माचे आहेत!" तानबा भिंतीवरून ओरडला, अन् सुलोचनाले गुलाबाच्या छाटणीची खरी कहाणी समजली.

ते क्रोटन आता तानबाच्या अंगणात राह्यते. आमच्याकडे त्याच्या जिवाले धोका आहे म्हणे. कुंडी उचलून न्यायचं काम तेवढं मले मिळालं. तेही पानांकडे न पाहता.