रिकाम्या डब्याची हकीकत

श्री अन्नपूर्णा समर्थ. जी उकळत्या ताकास फुटू देत नाही आणि मोहरीस वेळेवर तडतडविते, तिचे चरणी माथा ठेवून हे लिहिणे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, आश्विन शुद्ध एकादशी, दसऱ्याचे दुसरे दिवशी, हकीकत ऊन असतां कागदी उतरविली. कोणी एक राज्य होते. नाव लिहीत नाही, कमिटी नाराज होईल. राज्यात इमारती तीन, घरे बेचाळीस, लिफ्टा तीन पैकी चालू एक. त्या राज्यात मधल्या इमारतीचे दुसरे मजल्यावर उज्ज्वलाबाई म्हणून थोर बाई राहात. यजमान शशिकांतराव, स्वभावे गरीब, पण काळजी करण्यात महापराक्रमी. बाई सतरा वर्षे एका दंतवैद्याचे दरबारी नंबर लावण्याची चाकरी करीत होत्या. "पुढचे या" इतकेच बोलावे आणि लोकांनी गाल धरून आत जावे. परंतु बाईंच्या हातास सुरळीच्या वडीची सिद्धी होती. बेसन ताकात कालवावे, आल्या-मिरचीचे वाटण घालावे, एकाच दिशेने घोटावे, आणि नेमक्या क्षणी उतरवून पालथ्या ताटांवर पसरावे. पळभर आधी उतरले तर वडी गुंडाळत नाही, पळभर उशीर झाला तर पसरत नाही. पिठाचा तो क्षण बाईंस डोळे मिटून समजे. स्वतःचा क्षण मात्र अकरा वर्षे समजला नाही.

अकरा वर्षे काय केले म्हणाल, तर स्वप्न पाहिले. त्यास एक वही होती. वहीत धंद्याची नावे एकोणतीस लिहिली आणि अठ्ठावीस खोडली, मग खोडलेल्यांतील दोन परत आणली. मोबाइलवर मोठमोठ्या उद्योजकांची भाषणे ऐकली, ते म्हणत "आजच सुरुवात करा", आणि बाई मान हलवून दुसरे भाषण लावीत. आणि या अकरा वर्षांत वड्या तर होतच होत्या! बारशास वडी, डोहाळजेवणास वडी, कमिटीच्या भांडणास वडी. लोक बोटे चाटीत आणि म्हणत, "ताई, तुम्ही विकायला का नाही सुरू करत?" आणि पाचवा तुकडा उचलीत. बाईंचे बावीस वर्षांचे सख्य समोरच्या दारच्या पद्माबाईंशी. त्या मात्र असे म्हणत नसत. त्या म्हणत, "मंगळवारी हिंग जास्त झाला होता गं."

मग चैत्र मास आला. दंतवैद्यांनी नवीन यंत्र आणविले, ते आपोआप नंबर लावी आणि बाईंहून गोड आवाजात "पुढचे या" म्हणे. वैद्य म्हणाले, "उज्ज्वलाताई, नोकरी आहेच तुमची, फक्त आता यंत्रावर लक्ष ठेवा." हे ऐकून बाईंच्या मनात काय आले ते परमेश्वर जाणे, त्यांनी राजीनामा दिला. वैद्य भला माणूस, तो म्हणाला, "दसऱ्यापर्यंत खुर्ची कुणाला देत नाही. धंदा झाला तर आनंद, नाही तर गुपचूप या." शशिकांतराव हे ऐकून पाणी प्याले, आणि पुन्हा प्याले, आणि म्हणाले, "अगं, निदान विचारायचंस तरी." बाई म्हणाल्या, "अकरा वर्षं विचारतेच आहे की." आणि देवापुढे उभे राहून पण केला, की दसऱ्यापर्यंत एक तरी खरे गिऱ्हाईक लाभले तर धंदा, न लाभले तर वही माळ्यावर आणि आपण यंत्रापाशी.

अक्षय्य तृतीयेस मोहीम निघाली. पहाटे उठून सोळा ताटे ढालींसारखी पालथी मांडली, आणि राज्याचे ग्रुपवर फर्मान सोडिले: "आजपासून माझ्याकडे सुरळीच्या वड्या मिळतील." येथे घात जाहला. वाचणाराने नीट ध्यानी घ्यावे. बाईंनी "मिळतील" लिहिले, आणि कितीला मिळतील ते लिहिले नाही, कारण किंमत लिहिली की लगेच पुसून टाकीत. बेचाळीस घरांपैकी एकोणीस घरांनी मागणी केली. बाईंनी स्टीलच्या डब्यांतून वड्या पोचविल्या आणि आनंदाने रडल्या. दुसरे दिवशी डबे परत आले. त्या राज्याचा रिवाज असा, की शेजारचा डबा रिकामा परत करीत नाहीत, त्यात काही तरी घालूनच धाडितात. तेणेप्रमाणे एका डब्यात साखर आली, एकात तीन लिंबे, एकात नारळाची वाटी, एकात डोशाचे पीठ, आणि खजिनदार देशपांडेकाकूंच्या डब्यात खारी शेव. एकोणीस डबे भरून आले. पैसा एकातही आला नाही.

बाई स्वतः काकूंच्या दारी गेल्या. काकू म्हणाल्या, "ये गं ये! काय वडी, काय वडी! ह्यांनी तर डबा पुसून खाल्ला." बाई म्हणाल्या, "काकू, ते… त्याचे…" काकू म्हणाल्या, "अगं, आभार कसले मानतेस, घरचीच तू." बाई म्हणाल्या, "नाही, म्हणजे डब्याचे…" काकू म्हणाल्या, "पोचला ना डबा? शेव घातली होती हो मी, रिकामा नव्हता पाठवला!" मग बाई म्हणाल्या, "शेव छान होती," आणि परत आल्या. जिन्यात उभे राहून स्वतःस इतके बोलल्या, की वरून कोणी तरी विचारिले, "कुणाशी बोलताय ताई?"

मग ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, श्रावणात तर मागणीचा पूर आला. सवाष्ण जेवायची, दोन डबे. मुलीला बघायला येतायत, चार डबे. बाई घोटीत, पसरीत, गुंडाळीत आणि धाडीत. डबे भरून येत. शशिकांतरावांनी सतत नऊ दिवस डोसे खाल्ले आणि म्हणाले, "धंदा जोरात दिसतो." बाईंनी युक्ती केली आणि पुठ्ठ्याचे डबे आणिले, की परत करण्याचे कारणच नको. तर लोक धर्मसंकटात पडले आणि पुठ्ठा ठेवून आपल्याच स्टीलच्या डब्यांतून चिवडा धाडू लागले. आता ते डबे परत करणे बाईंस आले, आणि ते रिकामे कसे करावे? म्हणून त्यात वड्या घातल्या. हसावे की रडावे, असे ते राज्य.

शेवटी पितृपक्षाचे पहिले दिवशी बाईंस धैर्य आले. यजमान म्हणाले, "अगं, पंधरवडा संपू दे, या दिवसांत कोणी नवं काही करत नाही." बाई म्हणाल्या, "धैर्य आज आलंय. उद्या असेल का, सांगा." आणि डोळे मिटून ग्रुपवर लिहिले: "सुरळीच्या वड्या, एक डबा, एकशेवीस रुपये." राज्यात एकाएकी शांतता जाहली. चार अंगठे आले, दोन जोडलेले हात आले, एक फूल आले. मागणी एकही आली नाही. जिन्यात बायका "कशा आहात?" म्हणून पुढे जात, थांबत नसत. पाण्याच्या टाकीपाशी कोणी तरी म्हटले, "घरच्यासारखी होती हो," आणि दुसरीने म्हटले, "बदलतात माणसं." हे बाईंच्या कानी आले. त्या दिवशी बाईंनी पीठ घोटले नाही. मनास समजाविले, की पितृपक्ष आहे. मग नवरात्र बसले, तेव्हा समजाविले, की उपासास बेसन चालत नाही. पण रोज सकाळी सोळा ताटे पुसून पालथी मांडीत, आणि संध्याकाळी उचलून ठेवीत. अशी ती ताटे कोणाच्या हल्ल्याची वाट पाहात पडून राहिली आणि हल्ला झालाच नाही. वैद्यांचा निरोप आला, "ताई, यंत्र बिघडलंय. या." बाईंनी वही काढून उघडली नाही, नुसती मांडीवर घेऊन बसल्या.

अष्टमीस पद्माबाई आल्या. पितृपक्ष लागल्यापासून त्या आल्या नव्हत्या, आणि बाईंनी त्याचे दुःख कोणास सांगितले नव्हते. दारातच उभे राहून म्हणाल्या, "एक डबा दे." बाई म्हणाल्या, "तुझा तर नऊ दिवसांचा उपास." पद्माबाई म्हणाल्या, "माझा आहे, घरातल्यांचा नाही. किती झाले?" बाई म्हणाल्या, "अगं, तुझ्याकडून मी काय…" पद्माबाई म्हणाल्या, "गप. ग्रुपवर लिहिलंस ते मी वाचलंय. मला तोंडाने ऐकायचंय. किती झाले?" मग बाई एकदाचे बोलून गेल्या, "एकशेवीस." पद्माबाईंनी रुपये हातावर ठेविले. म्हणाल्या, "मी सुटे आणलेत म्हणून, नाही तर उरलेले परत कुठून दिले असतेस? दुकानदार झालीस ना, सुटे ठेवत जा." आणि आपला डबा पुढे केला. त्यावर सौ. पद्मा असे नाव कोरलेले. हाच तो डबा. बावीस वर्षे या दारातून त्या दारात जात-येत होता आणि एकदाही रिकामा फिरला नव्हता. त्यात बाईंस पहिली लेक झाली तेव्हा डिंकाचे लाडू आले, सासूबाई गेल्या तेव्हा पिठलेभात आला, दर मार्गशीर्षात लिंबाचे लोणचे आले. बाईंनी लागलीच पीठ घोटले आणि त्यात वड्या भरून दिल्या.

नवमीस सकाळी दाराशी पिशवी अडकविलेली दिसली. आत एक डबा, पद्माबाईंचा कोरलेला नव्हे, बाईंचाच, पूर्वी कधी तरी तिकडे राहिलेला. बाईंनी झाकण काढिले. आत हात घातला. घासलेला, पुसलेला, कोरडा. साखरेचा कण नाही, लिंबू नाही, काही नाही. बाईंनी पुन्हा हात घालून पाहिला. मग तेथेच उंबऱ्यात बसल्या आणि डबा पदराशी धरला. यजमान आंघोळ करून आले, डबा पाहिला आणि घाबरून म्हणाले, "अगं, रिकामा? पद्मावहिनींकडून? भांडलात की काय?"

बाई म्हणाल्या, "नाही हो. गिऱ्हाईक झाली."

दसऱ्यास बाईंनी वैद्यांस कळविले, की खुर्ची दुसऱ्यास द्यावी. वैद्यांनी विचारले, "किती गिऱ्हाइकं झाली ताई?" बाई म्हणाल्या, "एक." आज एकादशी, सोळा ताटे पालथी मांडली आहेत, मागणी अद्याप नाही. समोरचे दार बंद आहे.

सारांश हा, की अकरा वर्षांचे स्वप्न पाच महिन्यांत मोडले आणि त्याचा धंदा झाला. राज्यातील बेचाळीस घरांपैकी एक घर जिंकिले, आणि तेच एक घर गमाविले. मार्गशीर्ष दोन महिन्यांवर आहे. लोणचे येईल की नाही, हे लिहिणारास ठाऊक नाही, आणि बाई कोणास विचारीत नाहीत.