नाव, गाव आणि गुन्हा

शेडगे हवालदारांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "नाव सांगा, गाव सांगा, गुन्हा सांगा."

मी त्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू होण्यासाठी फाटकातून आत शिरत होतो. नाव सांगितले, गाव पुणे म्हणून सांगितले. तिसऱ्या प्रश्नाशी मात्र स्वभावानुसार अडखळलो आणि खरोखरच काही आठवते का, ते मनाशी चाचपून पाहू लागलो. दंडुका बगलेत धरून हवालदारांनी सभ्यपणे वाट पाहिली. मग म्हणाले, "न्हाई ना आठवत? जावा तर मग. आठवला की सांगा."

शाळेच्या फाटकावर पोलीस का, हे कुतूहल मला त्या क्षणापासून लागले. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. नसरापूरहून सारोळ्याकडे जाणाऱ्या महामार्गाला लागूनच आमची सातवीपर्यंतची शाळा होती. उसाचा ट्रक चढाला मंदावला की वरच्या वर्गातली मुले मागे धावत आणि ऊस ओढून घेत. एकदा ड्रायव्हरने शिवी दिली, तिला उत्तर म्हणून एक दगड गेला आणि काच फुटली. शाळा समितीचे अध्यक्ष नाना यांनी ठाण्यावर जाऊन एक पोलीस मागून आणला. "दरारा पायजे," हे नानांचे कोणत्याही विषयावरचे मत असे. हुद्द्याने शेडगे साधे शिपाई. पण हवालदार म्हटल्याने आपले काय जाते, असा गावाचा उदार विचार होता.

हवालदार वेल्ह्याकडच्या डोंगरातले. पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. नोकरीची अखेरची वर्षे. अंगकाठी मोठी, मिशा त्याहून मोठ्या आणि टोपी कपाळावर इतकी खाली ओढलेली, की मिशा आणि टोपी यांच्यामध्ये चेहरा असावा हे केवळ अनुमानाने कळे. शाळा हेही एक ठाणेच, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. चौथीतल्या एका मुलाची कंपासपेटी हरवली, तेव्हा त्यांनी ती जिथे होती त्या जागेभोवती खडूने वर्तुळ काढले, दोन पंच बसवले आणि दुपारपर्यंत त्या बाकाजवळ कुणाला फिरकू दिले नाही. पेटी मुलाच्या घरीच राहिली होती. "म्हंजे मुद्देमाल शाबूत हाये," असे म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने वर्तुळ पुसले.

पहिलीतल्या एका चिमुरड्याला त्यांनी नेहमीचा प्रश्न केला, तेव्हा तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "गुन्हा अजून केला न्हाई."

"मग करू नको. पळ आता," हवालदार म्हणाले.

त्यांची कीर्ती पसरली ती मात्र आयांमुळे. सकाळी फाटकावर बायकांची रीघ लागे. "हवालदार, ह्याला जरा धरून न्या बरं, भाकरी खात न्हाई." "हवालदार, ही मेली रात्री झोपू देत न्हाई, बेडी दाखवा हिला." हवालदार कर्तव्य म्हणून मिशांवर हात फिरवीत, दंडुका आपटीत. मूल आईच्या लुगड्यात शिरे, आई समाधानाने घरी जाई. मी व्हरांड्यातून पाहत असे. मूल लपले, की हवालदार पाठ फिरवून महामार्गाकडे बघत उभे राहत. रस्त्यावर बहुधा काहीच नसे.

एका मधल्या सुट्टीत ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "गुर्जी, एक इच्यारू? हितली पोरं चोर-पोलीस खेळत न्हाईत का?"

"पूर्वी खेळत असत म्हणे," मी म्हणालो.

"आन् आता?"

मी मैदानाकडे बोट दाखवले. मुले भिंतीला टेकून शहाण्यासारखी डबे खात होती. मुख्याध्यापक या शांततेवर फार प्रसन्न होते. हवालदार बराच वेळ ती शांतता ऐकत राहिले.

पुढे नानांनी समितीची सभा बोलावली. हवालदारांची नेमणूक कायमची करून मागावी, असा ठराव यायचा होता. नोकरीची उरलेली वर्षे शाळेच्या मैदानातल्या चिंचेच्या सावलीत काढावीत की पुन्हा डोंगरातल्या चौक्या तुडवाव्यात, हे त्यावर ठरणार होते. मला टिपणे घेण्यासाठी बसवले होते. हवालदार दाराशी उभे होते.

"दगड थांबले का न्हाई?" नानांनी विचारले. "मग? दरारा पायजे."

तेव्हा बाबूराव कांबळे उठले. बौद्ध आळीतले शेतकरी, समितीचे सभासद, एरवी मोजकेच बोलणारे. "नाना, दगड मारनारी पोरं सातवीतली. माजी सुनंदा दुसरीतली. ती शाळंत यायची बंद झालीय."

"का बरं?"

"आमच्या आळीत पोलीस आला की कुणीतरी घरातनं जातंय. पोरीनं ते डोळ्यानं बघितलंय. आता फाटकात टोपी दिसली की रस्त्यातनंच माघारी फिरती. सांगा, शाळंत घालू का चौकीत?"

"अवो, पण शेडगे हवालदार मानूस चांगला हाये की!"

"मी कुठं वाईट म्हनतोय? पोरीला मानूस दिसतच न्हाई, तर चांगला का वाईट ती कशी वळखनार?"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "साह्यब, म्या बोलू?" नानांनी मान हलवली. हवालदार आत आले, सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "मला हितनं काढा."

"वेडे का काय तुमी? परत डोंगरात धाडतील, हवालदार!"

"धाडू द्या. डोंगरात निदान कुणी मला बघून रडत न्हाई."

ठराव बारगळला. उसाच्या हंगामात दुपारी शिक्षकांनीच आळीपाळीने रस्त्यावर उभे राहावे, असे ठरले, आणि पहिली पाळी अर्थातच माझ्यावर आली. हवालदारांची बदली झाली.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका मधल्या सुट्टीत, वर्गाच्या खिडकीतून मला शाळेच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले दिसले. धोतर, पांढरा सदरा, बोडके डोके. मिशांवरून मी त्यांना ओळखले. रजेवर आहे, भोरला निघालो होतो, मध्येच उतरलो, असे ते म्हणाले. मैदानावर कलकलाट होता. त्यांच्या अंगावरून मुले धावत होती. एकानेही त्यांच्याकडे वळून पाहिले नाही. टोपीखालचा तो चेहरा कुणी पाहिलाच नव्हता.

एवढ्यात सुनंदा कांबळे धापा टाकत समोर येऊन उभी राहिली. "बाबा, तुमी चोर व्हनार का? सगळ्यांनाच पोलीस व्हायचंय. चोर कुनी व्हईना."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीआड झालो. ते उठले, धोतराचा सोगा खोचला आणि चिंचेभोवती जमेल तसे पळाले. पकडायला कुणाला फारसे कष्ट पडले नाहीत. पोरांनी त्यांना खोडाशी उभे केले. सुनंदाने हातातली काठी बगलेत धरली आणि मान ताठ करून विचारले, "नाव सांगा, गाव सांगा, गुन्हा सांगा."

हवालदारांनी नाव सांगितले. गाव सांगितले. मग थांबले.

"गुन्हा?" सुनंदाने काठी आपटली.

"पोरांना भ्या घातलं," ते म्हणाले.

सुनंदाने क्षणभर विचार केला.

"मग परत करू नका," ती म्हणाली. "पळा आता."