चार टक्क्यांचे गुलाबराव

आमच्या राजापेठेतले गुलाबराव भाजीवालीलासुद्धा स्वतःची ओळख टक्क्यांत करून देतात. "चार टक्के मध्य आशिया आहो आपण! रिपोर्ट आहे आपल्याजवळ!" असं म्हणत ते मेथीची जुडी परत ढिगावर टाकतात. भाजीवाली म्हणते, "असान बाप्पा, पन मेथी घेता का नाई?"

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटे राहणारे, घाऱ्या डोळ्यांचे हे गृहस्थ माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. मी इंग्रजीची शिकवणी घेतो, त्यामुळे त्यांच्या मोबाइलवर इंग्रजीतून जे काही येतं ते वाचून दाखवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. मला माणसांचा तसा कंटाळाच आहे, पण भिंत एकच असल्यावर सुटका नसते.

हे टक्के आले ते त्यांच्या कॅनडातल्या मुलीमुळे. मीनल दिवाळीला आली ती दोन डबे घेऊन. नळीत थुंकायचं, नळी परदेशात पाठवायची, की आपले पूर्वज कुठले ते म्हणे कळतं. एक डबा बाबांना आणि एक अकोल्याच्या मोठेबाबांना, म्हणजे गुलाबरावांच्या थोरल्या भावाला. थुंकण्याआधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नव्हतं. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडून बसणं गुलाबरावांना फार जड गेलं. "साऱ्या जन्मात थुंकू नका म्हनून ऐकलं, अन् आता पोरगी थुंकायले नळी देऊन राहिली," असं ते सारखं पुटपुटत होते.

तरी थुंकले, कारण मनात एक जुनं शल्य होतं. लहानपणी हे थोरले दादा त्यांना सांगायचे, "तुले बडनेऱ्याच्या फलाटावरून उचलून आणलं." धाकट्याला असं काहीतरी घरोघरी सांगतातच. बाकीची पोरं रडतात आणि विसरून जातात. गुलाबराव साठी उलटली तरी विसरले नव्हते. घरात घारे डोळे त्यांच्या एकट्याचेच होते ना! त्यांना आता शास्त्राचा पुरावा हवा होता.

निकाल आला आणि घात झाला. गुलाबरावांत चार टक्के मध्य आशिया, दादांत शून्य. गुलाबरावांचा फोन कायम स्पीकरवर असतो. त्या संध्याकाळी अकोल्याचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला. "पाय बे फलाट! मी म्हनत नोतो?"

काही दिवस गुलाबराव घराबाहेर पडले नाहीत. मग ऐन थंडीत एका सकाळी मफलर न बांधता छाती काढून निघाले. "थंडी आपल्याले लागत नाई, मास्तर. चार टक्के बर्फातले आहो!" पुढचा आठवडाभर ते शिंकत होते. भांडण झालं की "हे ते चार टक्के बोलून राहिले," म्हणायचे, आणि स्कूटरवर बसायचे तेही घोड्यावर बसल्यासारखे ताठ.

त्याआधी हे दोघे भाऊ सणासुदीलाच बोलायचे, तेही मीनलने जोडून दिलं तर. आता दादांचा फोन रोज यायला लागला. "काय बे फलाट, जेवला का?" "जेवलो. तू तुया शून्याचं पाय." मग कडाक्याचं भांडण, आणि शेवटी गोळ्या घेतल्या का याची दोन्हीकडून चौकशी.

मला शिकवण्याची खोड. एकदा न राहवून म्हणालो, "गुलाबराव, हे टक्के म्हणजे अंदाज असतो. कंपनीकडे ज्यांचे नमुने आहेत त्यांच्याशी तुमचा ताडून पाहतात. नमुने वाढले की टक्के बदलतात. आणि आईबापाकडून प्रत्येकाला वेगळा वाटा येतो, म्हणून सख्ख्या भावांचेही आकडे जुळत नाहीत. भरवशाचं पान पुढचं आहे." ते पान मी उघडून दाखवलं. दादांच्या नावापुढे स्वच्छ लिहिलं होतं, सख्खा भाऊ.

गुलाबरावांनी मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला. "मीनलनं सांगतलं मले चार दिवसातच. तुमी दादाले नका सांगू. त्याले समजलं तं तो रोज फोन कायले करीन?"

मी त्यानंतर तो विषय काढला नाही. वाईट वाटलं मला.

चैत्रात एका सकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना दादांच्या नंबरवरून फोन आला. आवाज दुसराच होता. "मी शेजारून बोलतो. यांच्या मोबाइलमध्ये शेवटचा फोन 'फलाट' नावाला दिसतोय. आपण कोण?"

गुलाबराव उभे राहिले. "मीच फलाट," ते म्हणाले. "धाकटा भाऊ त्यायचा."

दादा झोपेतच गेले होते. एसटीने आम्ही अकोल्याला गेलो. सगळ्या रस्त्यात गुलाबरावांनी टक्क्यांचं नाव काढलं नाही, आणि मला ते फार जड गेलं. राख पूर्णेत सोडून परत आलो.

काही महिन्यांनी कंपनीने टक्के नव्याने काढले. गुलाबरावांचा मध्य आशिया नाहीसा झाला होता. दोघा भावांचे आकडे जवळपास सारखे आले होते. जन्मभराच्या भांडणात गुलाबराव जिंकले होते. मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मोबाइल उलटा करून ठेवला. "आता सांगू कोनाले?" एवढंच म्हणाले.

परवा मीनलचा निरोप आला. मोठेबाबांचं खातं बंद करायचंय, त्यांच्या थुंकीचा नमुना कंपनीकडे आहे, तो नष्ट करायला सांगू का? मी तो वाचून दाखवला आणि म्हणालो, "हो म्हणा. ठेवून काय करायचंय?"

"राहू द्या," गुलाबराव म्हणाले. "राख तं पूर्णेत गेली, मास्तर. दादाचं म्हनून आता तेवढंच उरलं."

मी मीनलला तसं कळवलं. गुलाबराव जरा वेळाने म्हणाले, "कसं ठेवत असतीन हो ते?"

"गोठवून ठेवतात. फार थंडीत."

त्यांचं खर्रा चघळणं थांबलं.

"दादाले थंडी सोसत नाई, मास्तर," ते म्हणाले. "चार टक्के तं मलेच होते."