अडखळण्याची साथ

पाचवी ‘ब’मध्ये सोमवारी तीन मुलं अडखळत बोलत होती. शनिवारी छत्तीस झाली. पटावर होतीच छत्तीस.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. मस्तगड भागातल्या त्या शाळेत नंदाबाई वाचा-उपचाराचा वर्ग घेत. मुंबईला शिकून आल्या होत्या, पण असलं काम जालन्यात कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून लोक त्यांना ‘बोलायच्या बाई’ म्हणत. जिन्याखालची खोली, भिंतीला आरसा, फुंकायला मेणबत्त्या आणि गुळाची बरणी, एवढाच संसार. जीभ वळत नसली की वरच्या ओठाला गूळ लावायचा आणि मुलानं तो आरशात बघत चाटायचा. त्या खोलीत पाचवी ‘ब’मधली झुंबर पाच महिने येत होती. स्वतःचं नाव सांगताना ‘झ’वर तिचा श्वास अडायचा, डोळे भरायचे. आता कुठे ती वर मान करून बोलायला लागली होती.

चूक नंदाबाईंचीच. गणिताचे रामराव गुरुजी रोज एकेकाला उभं करून सतराचा पाढा म्हणायला लावत आणि चुकला की पट्टी देत. झुंबरचे हाल पाहून नंदाबाईंनी त्या सोमवारी त्यांना भर वर्गात विनंती केली. गुरुजी शब्दाचे पक्के. म्हणाले, “जे अडखळतंय त्याला पाढा माफ. झालं?”

बाई खुशीत परतल्या. वर्गातले बाकीचे सगळे कान टवकारलेले होते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

मंगळवारी देवानंद ‘सतरा दुणे’वर असा अडकला की चौतीस काही येईना. पाढा माफ झाला आणि गुरुजींनी त्याला बाईंकडे धाडलं, तिथे गूळ मिळाला. बुधवारी नऊ जण अडकले. गुरुवारी बरणी रिकामी झाली. गुरुजी पोरांच्याच गल्लीत राहायचे, म्हणून पोरं घरीही सावधपणे अडखळू लागली. भाकरी मागताना अडखळत, भांडताना अडखळत.

शनिवारी देवानंदची आई द्वारकाबाई पदर खोचून शाळेत आली. मागे आणखी दहा-बारा आया.

“काय करून राह्यल्या बाई तुम्ही? माझं लेकरू पोपटासारखं बोलत व्हतं. तुमच्या खोलीत गेल्तं अन् तवापासून ‘आई’ म्हणाया दमतंय. लागण हाय ही, लागण.”

हेडसर घाबरट. त्यांनी लगोलग संस्थेच्या अध्यक्षांना, सुरजमल शेठना बोलावणं धाडलं आणि नंदाबाईंना सांगून टाकलं, की शेठनी मान हलवली की खोलीला कुलूप.

शेठ फक्त मानच हलवत. धान्याचा मोठा व्यापार, पण माणूस अबोल. गॅदरिंगचं त्यांचं भाषण दरवर्षी हेडसर वाचून दाखवत. गावाला वाटायचं, एवढ्या मोठ्या माणसाला बोलायची गरजच काय.

सोमवारी सगळे पटांगणात जमले. शेठ खुर्चीत, आया कडेला, पोरं रांगेत. झुंबर पहिल्या रांगेत पांढरी पडून उभी होती. खोली गेली तर आपलं काय, हे तिला बरोबर कळत होतं.

नंदाबाई म्हणाल्या, “एकच करते. सगळ्यांनी मिळून रोजची प्रार्थना म्हणा, टाळ्यांवर.”

प्रार्थना सुरू झाली आणि असा गोंधळ कधी कुणी ऐकला नव्हता. तेहतीस पोरं जीव तोडून अडखळत होती. देवानंद तर पहिल्याच शब्दावर मुक्कामाला होता. त्या गदारोळातून तीन आवाज मात्र स्वच्छ वर चढले, आणि सगळ्यांत वर झुंबरचा, एकाही ठिकाणी न अडता.

“बघा,” नंदाबाई म्हणाल्या. “खरं अडखळणारं माणूस सुरात, चारचौघांबरोबर म्हणताना अडखळत नाही. हे या तेहतीस जणांना ठाऊक नव्हतं.”

“असं कुठं असतंय व्हय?” द्वारकाबाई म्हणाली. “आजारी ते नीट बोलतंय अन् नीट ते आजारी?”

हेडसरांनाही पटेना. त्यांनी घसा साफ केला. “ह्याला काही पुरावा, बाई?”

पुरावा कुठून आणणार? मुंबईची पुस्तकं इंग्रजीत. सगळे शेठच्या मानेकडे बघू लागले.

मान हलली नाही. शेठ उठून उभे राहिले. त्यांनी ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. कपाळावर घाम आला. झुंबरनं ते पाहिलं आणि तिचा हात आपोआप, मोजून, मांडीवर टाळी देऊ लागला, बाईंनी शिकवलं होतं तसा.

“ब... ब... बाईचं...” शेठ म्हणाले आणि पोरीच्या हाताकडे बघत, एकेका टाळीला एकेक शब्द ठेवत पुढे गेले, “बाईचं बराबर हाय. मंदिरात मी भजन म्हणतो. तिथं कधी अडलो न्हाई. बाहेर आलो की... सा... साठ वर्षं झाली.”

द्वारकाबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि देवानंदचा कान धरला. देवानंद एका दमात म्हणाला, “सोड ना आई, दुखतंय.” पुढचा आठवडा रामराव गुरुजींनी तेहतीस जणांकडून सतराचाच नव्हे, एकोणतीसचाही पाढा खणखणीत म्हणून घेतला.

जिन्याखालची खोली मात्र गेली. शेठनी बाईंना वरच्या मजल्यावरची उजेडाची खोली दिली.

तिथे पहिल्या शनिवारी दारात शेठ उभे होते, हातात गुळाची ढेप. आत झुंबर एकटीच होती. तिनं एक श्वास घेतला, हळूच मांडीवर टाळी धरली आणि म्हणाली, “मी झुंबर. आरशासमोर बसा. पहिल्यांदा आपलं नाव सांगायचं असतंय.”