कुकरमध्ये उकडलेला रिटेनर

माझ्या हातून दुरुस्त होणार नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे. चियायी शहरात वडिलांच्या वेळेपासून आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. गळके नळ, रुसलेले पंखे, लोकांचे मोडके चष्मे, सगळं मी मार्गी लावलंय. पोरीचे दात सरळ करायचे ठरले तेव्हाही मी पक्कड घेऊन तयार होतो, पण मला कुणी विचारलंच नाही.

आमची पेइ-रोंग दोन-अडीच वर्षं दातांना तारा बांधून हिंडली. तारा निघाल्या तेव्हा वाटलं, सुटलो. कसलं काय! तारा गेल्या आणि रिटेनर आले. दातांवर चढवायची दोन पारदर्शक प्लास्टिकची टोपणं, एक वर, एक खाली. जेवताना काढायची, एरवी घालूनच बसायचं, नाहीतर दात परत आपल्या जुन्या वाटेने निघतात म्हणे. म्हणजे बाईसाहेब जिथे जेवतील तिथे ते पसरलेले. माझ्या चहाच्या ट्रेवर, दुकानाच्या गल्ल्यावर, आणि एकदा तर पूर्वजांच्या देव्हाऱ्यात, नैवेद्याच्या संत्र्यांच्या शेजारी! मी उचलायला गेलो तर वर मलाच ऐकवते, "बाबा, हात नका लावू, जंतू लागतात."

त्या शनिवारी तिच्या होणाऱ्या सासरची मंडळी ताइचुंगहून बोलणी करायला यायची होती. साखरपुड्याला मुलाकडच्यांनी मुलीच्या नातेवाइकांसाठी केकचे डबे द्यायचे असतात, आणि किती द्यायचे यावरून आमच्याकडे जमलेली लग्नं मोडतात. पेइ-रोंग सकाळपासून माझ्या मागे लागली होती.

"बाबा, घासाघीस करायची नाही. ते म्हणतील तेवढ्या डब्यांना हो म्हणायचं. आणि बोलायचं कमी. मागच्या वेळी तुम्ही त्यांच्याशी अख्खं जेवणभर गटाराच्या पाइपांवर बोललात."

"त्यांनीच विचारलं होतं."

"त्यांनी फक्त धंदा कसा चाललाय एवढंच विचारलं होतं. या वेळी काही बिघडलं तर ते लोक परत यायचे नाहीत."

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज कापला. ती नूडल्स कशाबशा गिळून पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेली, आणि रिटेनर माझ्या चहाच्या कपात विसरली.

म्हटलं, पोरीसाठी आज काहीतरी चांगलं करू. जंतू जंतू करते ना? आमच्या घरात जंतू मारायचं एकच यंत्र, विजेचा कुकर. भात, अंडी, मासे, पेइ-रोंगच्या लहानपणीच्या दुधाच्या बाटल्या, सगळं त्यातच उकडलं. बाहेरच्या भांड्यात पाणी ओतलं, आत रिटेनर ठेवले, खटका दाबला.

झाकण उघडलं तर खालचा रिटेनर वाळवलेल्या माकुळासारखा गुंडाळला होता. वरचा जेमतेम ओळखू येत होता.

मी दवाखान्यात फोन लावला.

"शेजाऱ्याच्या मुलीचा रिटेनर जरा तापलाय. काय करावं?"

"किती तापलाय?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"भाताइतका."

"नवीन करावा लागेल. मुलीला घेऊन या."

"मुलीला न आणता नाही का होणार?"

"काका, मुलगी नसेल तर दात कुठून आणणार?"

मग मी शेजारच्या थिएन-फाकडे गेलो. त्याची वरची-खालची कवळी आहे, म्हणून आमच्या गल्लीत दातांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. त्याने रिटेनर उजेडात धरून पाहिला.

"प्लास्टिक तर आहे. तू पाइप तापवून वाकवतोस की नाही? तसंच."

"अरे, पण साचा?"

"दात हवेत. माझे खोटे, तुझे खरे. घाल तोंडात."

आता पश्चात्ताप होतो, पण त्या क्षणी मला ते अगदी शास्त्रशुद्ध वाटलं. वरचा रिटेनर गरम पाण्यात बुडवून मी दातांवर दाबला. माझे दात एकमेकांशी भांडून बसलेले, मध्ये या मोठाल्या फटी. प्लास्टिक एकेका फटीत शिरलं, थंड झालं आणि तिथेच राहायला गेलं. मी ओढलं, थिएन-फाने ओढलं. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

व्याही श्री. फांग बसले, विहीणबाई बसल्या, माझी बायको श्यो-ल्वान चहा ओतू लागली. मी तोंड उघडायचा प्रयत्न केला तर "फ्फ" एवढंच निघालं आणि पाठोपाठ लाळ. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"आम्ही चाळीस डबे धरलेत," श्री. फांग म्हणाले.

हो म्हणायचं होतं हो मला! पण मी त्या वेळी जिभेने रिटेनर ढकलत होतो, त्यामुळे कपाळाला आठ्या पडल्या असाव्यात.

"कमी वाटतात का? साठ करू."

गरम चहाने सुटेल म्हणून मी घोटामागून घोट रिचवले. रिटेनर आणखीच आवळला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"ऐंशी," श्री. फांग घाम पुसत म्हणाले. विहीणबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. "बरं, शंभर. एकुलती एक मुलगी, समजू शकतो आम्ही."

एकदाचं संपावं म्हणून मी जोरजोरात मान डोलावली. तारीख ठरली. निघताना श्री. फांग माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "मागच्या वेळी आमचा जरा गैरसमज झाला होता. तुमच्यासारखी मोजकं बोलणारी माणसं हल्ली राहिली नाहीत."

गाडी वळली आणि पेइ-रोंग माझ्या गळ्यात पडली. "बाबा, माझ्यासाठी तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत." डोळे भरून आले होते तिचे. "तुम्हाला किती जड गेलं असेल मला माहीत आहे. बरं, माझे रिटेनर पाहिलेत का कुठे?"

मी तोंड उघडलं आणि बोट दाखवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बारीक करवतीने तुकडे करून तो काढला. पेइ-रोंगचे दात हललेले नव्हते, नवी जोडी दोन दिवसांत मिळणार होती. पण पोरगी माझ्याकडे बघायला तयार नव्हती. शेवटी ती म्हणाली, "डॉक्टर, बाबांच्याही दातांचा साचा घ्या."

"त्यांना कशाला? या वयात आता काय सरळ होणार?"

"दातांसाठी नकोय. लग्नाच्या दिवशी घालायला हवाय."

श्यो-ल्वान एवढा वेळ कोपऱ्यात मासिक चाळत होती. तिने ते मिटलं.

"लग्नाच्याच दिवशी का? हे रोज घालायचं असतं ना, डॉक्टर?"

मी याला ठाम विरोध करायला तोंड उघडलं, आणि डॉक्टरांनी नेमका तेव्हाच त्यात साच्याचा गार लगदा कोंबला.