कांबळेकाकांची ट्यूलिप्स

साउथहॅम्प्टनच्या आमच्या सुपरमार्केटात कोणी फुलांची जुडी कानाला लावून उभं दिसलं, तर ते आमचे शेजारी कांबळेकाका, हे खुशाल समजावं. ताज्या ट्यूलिप्सचे देठ एकमेकांवर घासले की करकर वाजतात म्हणे. वाजले नाहीत तर काका मराठीत जाहीर करतात, "शिळी आहेत." मग शेजारची गोरी आजीही हातातली जुडी हळूच परत ठेवते.

काकांनी जन्मभर इथे बस चालवली. "होल्ड टाइट प्लीज" हे त्यांचं बस सोडतानाचं आवडतं वाक्य, चहा ओततानासुद्धा. फुलं घरी आली की ते देठांना तिरका काप देतात, जुडी वर्तमानपत्रात आवळून तासभर पाण्यात उभी करतात आणि मग फ्लॉवरपॉट खिडकीत. पण ट्यूलिप पाण्यातही वाढतं आणि उजेडाकडे वाकतं. म्हणून किचन टायमर लावून दर दोन तासांनी काका फ्लॉवरपॉट थोडा फिरवतात. माझ्या वाढदिवसाला केक कापणार तेवढ्यात खिशातला टायमर वाजला आणि हे निघाले.

"काका, फुलं आहेत हो ती, तान्हं बाळ नाही," मी वैतागून म्हटलं.

"तुला नाही कळायचं," म्हणत ते गेलेसुद्धा.

खरंच कळलं नव्हतं. काकू इथल्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होत्या. काका त्यांना 'मेट्रनबाई' म्हणत. त्या रिटायर झाल्या, पाठोपाठ नोव्हेंबरचा अंधार आला आणि काकूंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी उदासीवरच्या गोळ्या दिल्या. काकू दिवसातून दोनदा जेवायला खाली यायच्या, ताटात बघून चार घास खायच्या, की परत वर. काकांनी चंग बांधला, घर इतकं उजळवायचं की बाईंनी मान वर केलीच पाहिजे. पिवळी झाली, लाल झाली, केशरी झाली. काकूंची मान काही वर होईना, आणि मला त्या फुलांचाच राग यायला लागला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी पुरणपोळ्या घेऊन गेले, तर फ्लॉवरपॉटची पार रया गेलेली. सगळी फुलं काचेकडे कललेली, एक तर खाली लोंबत होतं. टायमर बंद. मी फिरवायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस," काका हळूच म्हणाले. "तिसरा दिवस आहे."

काकू खाली आल्या. खुर्ची ओढली, बसल्या, आणि एकदम थांबल्या.

"अहो, हे काय? एकाच कुशीवर किती वेळ ठेवलंत?" आवाज अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा. "दर दोन तासांनी कूस बदलायची असते. किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

त्या उठल्या. फ्लॉवरपॉट फिरवला, लोंबणारं फूल दोन धडधाकट फुलांच्या आधाराला लावलं, पाणी बघितलं, नाक मुरडलं. मग पडदा पूर्ण सरकवून त्या खिडकीपाशीच बसल्या आणि म्हणाल्या, "पोळी इकडेच द्या."

काका स्वयंपाकघरात गेले. मागोमाग मी गेले, तर किटलीकडे तोंड करून चष्मा पुसत होते.

"छातीवर दगड ठेवून वाकू दिली गं तीन दिवस," ते म्हणाले. "वॉर्डात कुणी वाकडं पडलेलं तिला कधी बघवलं नाही."

"अहो," बाहेरून हाक आली, "टायमर कुठाय तुमचा?"

काकांनी तो खिशातून काढला, दोन तासांवर लावला आणि ताटलीत पोळीशेजारी ठेवला. "होल्ड टाइट प्लीज," ते मला म्हणाले, आणि ताटली घेऊन बाहेर गेले.