शिडीवरचा जखमी

घरी मॉक ड्रिल करायचं हे मीच ठरवलं. तृप्तीचा त्यात काडीचाही दोष नाही, असं तिनेच मला इथे लिहायला सांगितलंय.

माझा रंगकामाचा धंदा आहे. म्हणजे रंग माझी माणसं देतात आणि मी खाली उभा राहून "तिकडे राहिलं रे" असं ओरडतो. दिंडोरी रोडवरच्या एका वायनरीत शेड आणि उंच टाक्या रंगवायचं वर्षभराचं काम निघालं होतं. ते मिळालं असतं तर माझ्या माणसांना वर्षभर दुसरीकडे काम शोधायची गरज नव्हती. पण हल्ली नुसता रंग देता येऊन भागत नाही. आधी ठेकेदार म्हणून पात्र ठरावं लागतं आणि त्यासाठी सुरक्षेची कागदपत्रं पोर्टलवर चढवावी लागतात. सेफ्टी पॉलिसी, कुठे काय धोका आहे त्याचा तक्ता, हेल्मेट आणि सेफ्टी बेल्टची तपासणी, काय काय विचारू नका. (आमची आजवरची सेफ्टी पॉलिसी एका वाक्याची होती : "पडू नका.")

सगळं रीतसर तयार केलं. राहिलं एक मॉक ड्रिल. उंचावरून पडलेल्या कामगाराला स्ट्रेचरवरून सुरक्षित जागी नेतानाचे फोटो हवे होते. मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत आणि माझी सगळी टोळी कळवणला लग्नाला गेलेली!

"सोसायटीतच उरकू," मी म्हणालो. "जिन्यावरून पार्किंगपर्यंत. चार शेजारी बोलावतो."

"आणि पडणार कोण?"

"कुणीतरी बघू की."

"कुणीतरी कशाला? तुम्हालाच शोभेल ते," तृप्ती म्हणाली आणि निवड बिनविरोध झाली.

स्ट्रेचर नव्हता. पण रंगाऱ्याच्या घरात बांबूच्या शिडीला काय तोटा? शिडीवर गोधडी अंथरली, मी आडवा झालो, तृप्तीने वरून जुनी पांढरी चादर घातली. डोक्याला पट्टी बांधून तिच्यावर टोमॅटो सॉस लावला आणि नियम म्हणून वर हेल्मेट चढवलं. आता मला शिडीला नीट बांधायला हवं होतं आणि अशा कामाला आमच्या सोसायटीत एकच माणूस, पुंजाकाका. कुणाकडेही काही बरंवाईट झालं की बांबू, सुतळी, गाठी हे सगळं काकांकडे असतं. माणूस तयारीचा. त्यांनी मला पाहिलं, सुतळीचा गुंडा सोडला आणि भराभर गाठी मारल्या. हात सवयीने चालत होते. मला वाटलं, काय सफाई आहे!

"हेल्मेट काढा," काका म्हणाले. "तोंड उघडं पाहिजे. लोकांना दर्शन..." तिथे ते थांबले आणि खोकले.

तृप्ती फोटोसाठी गॅलरीत गेली, कारण तिथून पार्किंगपर्यंतचं सगळं दिसतं. चौघांनी शिडी उचलली. हातात धरायची असं ठरलं होतं, पण आमचा जिना अरुंद. पहिल्याच वळणावर शिडी कठड्याला अडली आणि चौघांनी ती खांद्यावर घेतली.

"पाय पुढं! पाय पुढं!" काका सगळ्यांच्या पुढे चालत सांगत होते. जिना उतरताना ते बरोबरच होतं म्हणा.

बांबू, सुतळी, पांढरी चादर, चार खांदे आणि पुढे पुंजाकाका. आम्ही फाटकाजवळ आलो तेव्हा समोरच्या किराणावाल्याने शटर अर्धं खाली ओढलं. एक रिक्षावाला थांबला आणि त्याने हात जोडले. (मी पापण्यांच्या फटीतून बघत होतो. स्क्रिप्टप्रमाणे मी बेशुद्ध होतो, पण उत्सुकता शुद्धीवर होती.)

नेमका त्याच वेळी निफाडहून माझे सासरे हिरामणआप्पा द्राक्षांचा क्रेट घेऊन फाटकात शिरले.

क्रेट दणकन खाली आदळला.

"आरं देवा! जावईबापू! आसं कसं झालं हो?"

चौघांनी मला पार्किंगमध्ये टेकवलं. ते इतके धापा टाकत होते की कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. काकांना तर प्रसंग ओळखीचा वाटला असावा, कारण त्यांनी आप्पांच्या पाठीवर हात ठेवला.

मी तेव्हाच डोळे उघडायला हवे होते. उघडणारही होतो. पण आप्पा बोलायला लागले.

"लय गुणी मानूस व्हता हो! कधी वाकडा शब्द नाय. माझ्या पोरीला फुलावानी जपली."

लग्नाला बारा वर्षं झाली, पण आप्पांनी माझ्याबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता. गेल्याच महिन्यात त्यांनी मला "तुमी ऱ्हाऊ द्या, तुमाला नाय जमायचं" असं ऐकवलं होतं आणि ते टरबूज कापण्याबद्दल होतं. आता कानात अमृत पडत होतं. कसा उठणार? मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"कष्टाळू! हुशार! आसा जावई दिवा घेऊन शोधला तरी घावनार नाय!"

तेवढ्यात तृप्ती मोबाइल घेऊन हसत खाली आली.

"अय्या आप्पा, ते तुम्ही होतात? वरून ओळखलंच नाही!"

आप्पांनी तिला जवळ घेतलं. "पोरी, तुला धक्का बसलाय."

"धक्का कसला? एक फोटो राहिलाय. अहो, नीट पडा ना!"

"नमस्कार आप्पा," मी चादरीतून म्हणालो.

आप्पा मटकन द्राक्षांच्या क्रेटवर बसले. काकांनी पाणी आणलं. द्राक्षांसाठी मात्र काही करता आलं नाही.

फोटो चढवले. थोड्या वेळाने वायनरीच्या सेफ्टी ऑफिसर निकिता मॅडमचा फोन आला.

"सोमनाथ सर, ड्रिल छान झालंय. बांधणी मजबूत आहे. ते वयस्कर गृहस्थ किती खरं रडलेत! पण एक अडचण आहे. जखमी हसतोय."

"कुठे?"

"पार्किंगमधल्या प्रत्येक फोटोत. बेशुद्ध माणूस इतका खूश नसतो, सर. पाचच्या आत नवे फोटो टाका, नाहीतर अर्ज बाद होईल."

पुन्हा शिडी, पुन्हा सुतळी, पुन्हा ताजा सॉस. या वेळी आप्पा पार्किंगमध्ये खुर्ची टाकून, हातात चहा घेऊन बसले होते. मला खाली टेकवलं आणि ते माझ्यावर वाकले.

"जावईबापू, मघाशी बोललो त्ये मनावर घेऊ नका. गेलेल्या मानसाबद्दल वंगाळ बोलू नाय, म्हनून बोललो."

"असू द्या, आप्पा," मी डोळे मिटूनच म्हणालो.

"नाय, खरं काय त्ये सांगतो ना. आमच्या घराचं दार तुमी रंगवलं, त्ये आजून उघडत नाय. ट्रॅक्टर चालवून बघतो म्हनले आन् थेट नाल्यात घातला. आन् टरबूज..."

"टरबूज राहू द्या, आप्पा," तृप्ती फोटो काढत म्हणाली. "त्यांनी गेल्या दिवाळीत चकल्या तळल्या होत्या, ते सांगा."

आप्पांनी तेही सांगितलं. चारही शेजारी आणि पुंजाकाका मन लावून ऐकत होते.

पाच वाजायच्या आत पोर्टलवर हिरवी खूण आली. आम्ही पात्र ठरलो, काम मिळालं, आणि कळवणला लग्नात नाचणारी माझी माणसं फोनवर आनंदाने ओरडली. खाली निकिता मॅडमनी शेरा लिहिला होता :

"जखमीच्या चेहऱ्यावरील वेदना अत्यंत नैसर्गिक."